बागेचा नकाशा आणि माळ्याचा पगार

१९०५ साली शिकागोच्या दक्षिण भागात एकाच वर्षात दहा नवी उद्याने लोकांसाठी खुली झाली. जागा निवडल्या होत्या त्या अशा, की सुस्थितीतला माणूस तिकडे सहसा फिरकणार नाही. काही कत्तलखान्यांच्या पाठीमागे, काही पोलाद कारखान्यांच्या धुरात. एकाचे तर नावच बेसेमर पार्क, पोलाद बनवण्याची पद्धत शोधणाऱ्या हेन्री बेसेमरवरून ठेवलेले. आराखडे ओल्मस्टेड ब्रदर्स या संस्थेचे, इमारती डॅनियल बर्नहॅमच्या कंपनीच्या. अमेरिकेतल्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या नावांपैकी ही दोन. साहजिकच लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे उद्यानरचनेच्या, इतिहासात हा प्रसंग 'रचनाकारांनी कामगारांच्या शहरात बाग आणली' अशा थाटात सांगितला जातो.

मला हे श्रेय अर्धेच मान्य आहे. ओल्मस्टेड बंधूंचे काम उत्तम होते, त्याबद्दल वाद नाही. पण बाग आणायला आधी जमीन लागते, जमिनीला पैसा लागतो, पैशाला अधिकार लागतो, आणि बाग उघडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे कुलूप काढायला कुणीतरी पगारी माणूस लागतो. शिकागोने हे सगळे जमवले होते. आपल्याकडे उद्यानांवर चर्चा सुरू झाली की ती डिझाइन, कारंजी आणि संकल्पनाचित्रांपाशी घुटमळते. ग्यानबाची मेख भलतीकडेच असते. म्हणून शिकागोचे उदाहरण जरा सविस्तर पाहण्याजोगे आहे.

हे शहर म्हणजे मुळात मिशिगन सरोवराच्या काठची सपाट, दलदलीची जमीन. १८३७ मध्ये शहराचा दर्जा मिळाला तेव्हा त्याने 'बागेतले शहर' असे लॅटिन ब्रीदवाक्य स्वतःला लावून घेतले. हा आशावाद होता की जमिनी विकण्याची जाहिरात, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र त्याच्या आदल्या वर्षी, १८३६ मध्ये, इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या आयुक्तांनी सरोवरकाठच्या एका पट्ट्यावर नकाशातच लिहून ठेवले होते, की ही सार्वजनिक जागा कायम मोकळी राहील, तिच्यावर इमारत किंवा कसलाही अडथळा उभा राहणार नाही. नकाशावरची ही एक ओळ पुढे फार कामाला आली. टपालाने माल विकून श्रीमंत झालेले माँटगोमेरी वॉर्ड हे व्यापारी या ओळीच्या आधारावर १८९० पासून दोन दशके शहराशी कोर्टात भांडले आणि आजचे ग्रँट पार्क त्यामुळे वाचले. त्या पट्ट्यात अपवाद म्हणून जी एक मोठी इमारत उभी राहिली, तीत आज शिकागोचे कलासंग्रहालय आहे. १८९३ ची सर्वधर्म परिषद तिथेच भरली होती. विवेकानंदांचे ते भाषण आपल्याला पाठ असते. ते ज्या जमिनीवर झाले तिच्यासाठी चाललेला खटला मात्र कुणाच्या कानावर आलेला नसतो.

खरी उडी १८६९ ची. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शहराच्या दक्षिण, पश्चिम आणि उत्तर बाजूंसाठी तीन स्वतंत्र उद्यान मंडळे स्थापन केली. या मंडळांना जमीन घेता येत होती, कर लावता येत होता, कर्जरोखे काढता येत होते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात शेवटच्या पानावर उरलेसुरले मिळण्याची वाट पाहायची गरज नव्हती. यामागे निव्वळ लोककल्याण होते असे कुणी समजू नये. डॉ. जॉन राउच यांच्यासारखे लोक सार्वजनिक आरोग्यासाठी बागा मागत होते हे खरे, पण हाइड पार्क भागात जमिनी घेऊन ठेवलेले पॉल कॉर्नेलही तितक्याच हिरिरीने मागत होते. बागेशेजारची जमीन महाग होते हे त्यांना चांगले ठाऊक होते. १८६७ चा पहिला प्रस्ताव मतदारांनी फेटाळला, दुसरा मंजूर झाला, आणि कॉर्नेल स्वतः दक्षिण मंडळावर जाऊन बसले. सार्वजनिक हित आणि खासगी नफा यांची अशी गाठ अधूनमधून पडते. पडली की तिचा फायदा करून घ्यावा, नाक मुरडत बसू नये, असे माझे मत आहे.

थोरले फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८७१ मध्ये दक्षिण मंडळासाठी हजार एकरांहून मोठा आराखडा दिला. त्यांचे निदान बिनचूक होते: इथे टेकडी नाही, खडक नाही, जुने झाड नाही, भव्य म्हणावे असे एकच आहे, ते सरोवर. म्हणून सरोवराचे पाणी आत खेळवायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागो जळाले आणि पैसा आटला. पुढे होरेस क्लीव्हलँड यांनी त्यातले परवडेल तेवढे जमिनीवर उतरवले. पश्चिमेकडची तीन मोठी उद्याने विल्यम ली बॅरन जेनी यांनी आखली. पुढे गगनचुंबी इमारतीचे जनक म्हणून गाजले ते हेच जेनी.

ही पहिली पिढी देखणी होती आणि गैरसोयीची होती. मोठी उद्याने शहराच्या कडेला, घोडागाडीच्या रस्त्यांनी एकमेकांना जोडलेली. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने संध्याकाळी फेरफटका मारावा, ज्याच्याकडे नाही त्याने रविवारी ट्रामचे पैसे मोजून सहकुटुंब यावे. १९०० मध्ये शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या घरात गेली होती आणि त्यातले सुमारे साडेसात लाख लोक कुठल्याही उद्यानापासून मैलाहून अधिक लांब राहत होते. दहा-बारा तास उभ्याने काम केलेल्या माणसाला एक मैल म्हणजे किती, हे नकाशावर कळत नाही.

त्यांच्या दाराशी काय होते ते पाहा. युनियन स्टॉक यार्ड्स म्हणजे गुरांचा प्रचंड बाजार, १८६५ च्या नाताळात सुरू झालेला. त्याला लागून मांसाचे कारखाने. कारखान्यांमागच्या वस्तीला नावच 'बॅक ऑफ द यार्ड्स'. आधी आयरिश आणि जर्मन, मग पोल, लिथुआनियन, स्लोव्हाक अशी कुटुंबे लाकडी घरांत भाड्याने राहत. जवळून एक नाला वाहायचा; वाहायचा म्हणणेही धाडसाचे आहे. कारखाने त्यात रक्त, चरबी, केस आणि आतडी सोडत. तळाशी ते कुजून वायूचे बुडबुडे वर येत, म्हणून लोक त्याला बबली क्रीक म्हणू लागले. पृष्ठभागावरचा थर इतका घट्ट व्हायचा की त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे १९११ चे छायाचित्र उपलब्ध आहे. शहराचा कचराही याच वस्तीतल्या खड्ड्यांत ओतला जाई. शिकागो विद्यापीठाच्या इथल्या समाजसेवा केंद्रात १८९४ पासून काम करणाऱ्या मेरी मॅक्डॉवेल त्या कचऱ्याविरुद्ध इतक्या चिकाटीने भांडल्या की 'कचरेवाल्या बाई' हेच त्यांचे नाव पडले. सार्वजनिक आंघोळीची सोय, मुलांना खेळायला जागा, या मागण्या रेटल्या त्या अशा बायकांनी. जेन ॲडम्स यांच्या हल हाऊस या समाजसेवा केंद्राने शहराच्या पश्चिम भागात त्याच सुमारास मुलांसाठी मैदान तयार करून ही गोष्ट करता येते हे दाखवून दिले होते. तेव्हा कोणी बड्या रचनाकाराने नकाशा काढला नव्हता.

१८९९ मध्ये महापौर कार्टर हॅरिसन यांच्या काळात एक विशेष उद्यान आयोग नेमला गेला. दाट वस्तीत लहान उद्याने हवीत हा विचार त्यातून पक्का झाला. पण अंमलबजावणी झाली ती दक्षिण मंडळाकडून, आणि तिथले अधीक्षक जे. फ्रँक फॉस्टर हे नाव मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे वाटते. फॉस्टर यांनी आधी मॅकिन्ली पार्कमध्ये प्रयोग केला. जुने शर्यतीचे मैदान आणि कोबीचे वाफे घेऊन तिथे खेळाचे मैदान, पोहण्याचा तलाव आणि कपडे बदलायच्या खोल्या केल्या. गर्दी उसळली. मग मंडळाने विधिमंडळाकडून जास्तीचे अधिकार मिळवले, रोखे काढले, जागा घेतल्या, आणि त्यानंतर ओल्मस्टेड बंधूंना बोलावले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रचनाकाराच्या हातात काय पडले? ठरलेल्या जागा, ठरलेला पैसा, ठरलेला उपयोग.

जॉन चार्ल्स आणि धाकटे फ्रेडरिक या ओल्मस्टेड बंधूंच्या वडिलांनी हजार एकरांवर विचार केला होता. मुलांना मिळाले अनेक ठिकाणी दहा-दहा एकरांचे चौकोन, चारी बाजूंनी रस्ते. या चौकोनांत त्यांनी जे बसवले ते पाहिले की त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढतो. कडेने झाडांची दाट पट्टी, म्हणजे आतल्याला रस्ता दिसू नये. पुरुषांसाठी धावपट्टी आणि व्यायामाची साधने, बायकांसाठी वेगळी व्यायामशाळा, तान्ह्यांसाठी वाळू आणि उथळ पाणी, मधोमध चेंडूच्या खेळांचे मैदान. त्याच मैदानावर हिवाळ्यात पाणी सोडून बर्फ जमवायचा आणि स्केटिंग करायचे. काही उद्याने मोठी होती. शर्मन पार्क ६० एकरांचे. जागा पाणथळ, तर तिथे भोवती तळे आणि मध्ये बेट, खेळाची मैदाने बेटावर. ज्या जॉन शर्मन यांचे नाव त्या पार्कला दिले ते गुरांचा तो बाजार उभारणाऱ्यांपैकी एक, उद्यान मंडळाचे सदस्य, आणि इमारती बांधणाऱ्या बर्नहॅम यांचे सासरे. सगळे घरातल्या घरात. आज अशा कामावर माहितीचा अधिकार टाकला असता तर काय निघाले असते कोण जाणे.

प्रत्येक उद्यानात एक फील्डहाउस होते, आणि शिकागोची नवलाई खरी ती हीच. काँक्रीटची इमारत, कारण दगडापेक्षा ती स्वस्त. आत व्यायामशाळा, शॉवर, क्लबच्या खोल्या, स्वस्तात खायला मिळेल असे उपाहारगृह, सार्वजनिक ग्रंथालयाचे वाचनालय आणि रंगमंच असलेले सभागृह. तलावावर येणाऱ्याला टॉवेल, साबण आणि पोहण्याचा पोशाख मंडळ फुकट देई. ज्या घरात न्हाणीघर नाही तिथल्या माणसाला साबण आणि गरम पाणी देणारी जागा म्हणजे बाग, ही कल्पना त्याआधी उद्यानरचनाकारांच्या वहीत क्वचितच सापडेल. सभागृहाचेही तसेच. ॲशलँड रस्त्यावर दारूच्या गुत्त्यांची रांगच होती, तिला लोक 'व्हिस्की रो' म्हणत. लग्नाचे जेवण असो की एखाद्या संघटनेची बैठक, हॉल मिळायचा तो गुत्त्याच्या मागे, आणि भाडे वसूल व्हायचे पाहुण्यांच्या पिण्यातून. फील्डहाउसचा हॉल फुकट होता. या सगळ्यासाठी प्रशिक्षक, ग्रंथपाल, पहारेकरी, सफाई करणारे असे कायम नोकर होते. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना १९०७ मध्ये खेळाच्या मैदानांची राष्ट्रीय परिषद शिकागोत भरली. तिला प्रतिनिधी पाठवून ही उद्याने पाहा, असे त्यांनी इतर शहरांना आवर्जून सांगितले.

यावर एक आक्षेप जुना आणि वजनदार आहे. ही सगळी परोपकारी व्यवस्था म्हणजे परदेशातून आलेल्या गरिबांना वळण लावण्याचा उद्योग होता. मालकांना शिस्तीचे, निर्व्यसनी, इंग्रजी बोलणारे कामगार हवे होते. पार्कवर मालकाचे नाव असावे हा निव्वळ योगायोग नाही. आक्षेपात तथ्य आहे. मंडळाच्या मनात ते होतेच. पण ज्यांच्यासाठी इमारत बांधली ते लोक बांधणाऱ्याच्या मनाप्रमाणे वागतात असे कुठे आहे? १९३९ मध्ये डेव्हिस स्क्वेअर या, १९०५ च्या दहांपैकीच एका उद्यानाचे उद्यानप्रमुख जोसेफ मीगन आणि लोकसंघटक सॉल अलिन्स्की यांनी याच वस्तीत परिसर परिषद उभी केली. तिच्या सुरुवातीच्या बैठका डेव्हिस स्क्वेअरच्या फील्डहाउसमध्ये झाल्या. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पोलिश, लिथुआनियन, आयरिश चर्चचे लोक तिथे एकत्र बसले, आणि त्यांनी मांस कारखान्यांतल्या कामगार संघटनेच्या मागे आपले बळ उभे केले. वळण लावायला बांधलेल्या हॉलमध्ये मालकांच्या विरोधात एकजूट झाली. उद्यानप्रमुख त्याच वस्तीत रोज बसणारा, प्रत्येकाला नावाने ओळखणारा माणूस नसता तर हे झाले नसते. पगारी माणसाचा मुद्दा मी लावून धरतो तो यासाठी.

याची दुसरी बाजू काळी आहे. आर्मर स्क्वेअर हे १९०५ च्या दहांपैकी एक. १९१९ च्या वांशिक दंगलीनंतर जी चौकशी झाली तीत हे पुढे आले, की जवळच राहणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या टोळक्यांच्या भीतीने तिथे जाता येत नव्हते. दंगलीची ठिणगीही सार्वजनिक पाण्यावरच पडली होती: यूजीन विल्यम्स हा मुलगा २९ व्या रस्त्याच्या किनाऱ्याजवळ पोहताना गोऱ्यांच्या हद्दीकडे वाहत गेला, त्याच्यावर दगड फेकले गेले, तो बुडाला. त्यानंतरच्या दिवसांत ३८ माणसे मेली. नकाशावर त्या पाण्यात कुठलीही रेषा नव्हती. उद्यान सर्वांसाठी खुले, असे कागदावर लिहून भागत नाही. आत शिरणाऱ्याला संरक्षण कोण देणार आणि पहारेकरी कोणाच्या बाजूने उभा राहणार, हा प्रश्न रचनेच्या कक्षेतच येत नाही. १९३४ मध्ये शहरातली २२ उद्यान मंडळे एकत्र करून एक शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट झाले. कारभार सुटसुटीत झाला, अन्याय तसाच राहिला. १९८२ मध्ये खुद्द केंद्र सरकारच्या न्याय विभागाने या संस्थेवर दावा लावला, की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्यांतल्या उद्यानांना दुरुस्ती, कर्मचारी आणि कार्यक्रम यांत कमी वाटा मिळतो. पुढच्या वर्षी संस्थेने न्यायालयात तडजोड करून पैसा वळवण्याचे कबूल केले. दाव्याचा विषय पाहा: दुरुस्ती, कर्मचारी, कार्यक्रम. उद्यानाची रचना वाईट आहे अशी तक्रार कुणाचीच नव्हती.

मुंबईकडे वळल्याशिवाय मराठी वाचकाला हे सगळे लांबचे वाटेल. तुलना पूर्ण जुळत नाही हे मान्य, पण गिरणगावाचे एक साधर्म्य टाळता येत नाही. तिथेही कामगार दाटीत राहिले आणि मोकळी जागा मिळण्याची एकमेव मोठी संधी गिरण्या बंद पडल्यावर आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करा असे सांगितले. आराखड्याची गुणवत्ता कमी पडली असे कुणी म्हणणार नाही. कोरिया यांच्यापेक्षा मोठा रचनाकार आणायचा कुठून? २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तो अर्थ नाकारला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला, आणि विषय संपला. शिकागोत १८३६ ची एक ओळ सत्तर वर्षांनी न्यायालयात टिकली. इथे नियमाला जेमतेम दहा वर्षे होतात न होतात तोच त्याचा अर्थ बदलला.

जी मैदाने आणि बागा मुंबईत आहेत त्यांची देखभाल खासगी संस्थांना दत्तक द्यायची की नाही, यावर दर काही वर्षांनी नवे धोरण येते, वाद होतो, स्थगिती मिळते. महापालिकेने हात आखडता घेतला की संस्था पुढे येते, संस्था आली की फाटकावर वेळापत्रक लागते आणि हळूहळू क्लब उभा राहतो. मला संस्थांच्या हेतूंवर शंका घ्यायची नाही. पण दक्षिण मंडळाने फुकट वाटलेला साबण आठवला की वाटते, तो खर्च करातून झाला म्हणून तर पोहायला येणारा कामगार कुणाचा पाहुणा ठरला नाही.

रचनाकार कितीही मोठा असला तरी एकट्याने त्याचे घोडे कुठे अडते, हे पाहायला शिकागोचेच उदाहरण पुरते. जेन्स जेन्सन डेन्मार्कहून १८८४ मध्ये अमेरिकेत आले आणि पश्चिम मंडळात साधे मजूर म्हणून लागले. युनियन पार्कमध्ये परदेशी रोपे मरत होती, तेव्हा त्यांनी गाडी जुंपून गवताळ प्रदेशातली रानफुले आणून लावली. १८८८ मधली ती बाग त्यांची पहिली. देशी झाडे, सपाट क्षितिज, संथ वळणांचे पाणी यांतून त्यांनी इथल्या मातीची शैली घडवली. माझ्या मते शिकागोने पाहिलेला हा सर्वांत अस्सल उद्यानरचनाकार, ओल्मस्टेड घराणे जमेस धरूनही. पण पश्चिम मंडळाच्या नेमणुका राज्यपालांच्या हातात होत्या, दक्षिणेच्या न्यायाधीशांच्या. पश्चिमेला त्यामुळे वशिलेबाजी बोकाळली. भ्रष्टाचाराला साथ द्यायला जेन्सन यांनी नकार दिला म्हणून १९०० मध्ये त्यांना काढून टाकले. सुधारणावादी मंडळ आले तसे १९०५ मध्ये परत बोलावले. मधल्या वर्षांत पश्चिमेची उद्याने मोडकळीला आली होती आणि दक्षिणेत ती दहा उद्याने उभी राहिली होती. परतल्यावर त्यांनी हम्बोल्ट पार्कमधली नदी केली, गारफील्ड पार्कचे काचघर केले, शेवटी कोलंबस पार्क केले. १९२० मध्ये त्यांनी पश्चिम शिकागोसाठी एक विस्तृत योजना मांडली. तीत वस्तीवस्तीत लहान केंद्रे होती, भाजीपाल्याच्या बागा होत्या, त्यांना जोडणारी हिरवी जमीन होती. मंडळाने त्यासाठी पैसा उभा केला नाही. जेन्सन यांनी त्याच वर्षी मंडळाशी असलेला संबंध संपवला, आणि योजना कागदावर राहिली.